विचारा ताईला : तक्ता म्हणतो नॉर्मल, मग पोट कसं सुटलं?

मागच्या अंकात मणक्याला मार लागून व्हीलचेअरवर आलेल्या लोकांच्या जेवणाबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, एवढंच. त्यावर पत्रं, व्हॉट्सॲप, व्हॉइस नोट्स इतक्या आल्या की संपादक म्हणाले या वेळी फक्त हाच विषय घ्या. गंमत म्हणजे काय खावं हे फार थोड्यांनी विचारलंय, बहुतेकांचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. वजन जास्त आहे की नाही हे ठरवायचं कसं? मी रिहॅबमधे आहाराचं काम करते, तिथेही रोज हेच ऐकते. नावं काढून टाकलीत, पत्रं थोडी छोटी केलीत. पत्रांमधे टी १०, सी ६ असं येईल ती मणक्यात इजा कुठे झाली त्याची खूण, सी म्हणजे मान, टी म्हणजे छातीमागचा भाग, एल म्हणजे कंबर, आणि त्या भागात आकडा जितका लहान तितकी इजा वर.

ताई, मी ३४ वर्षांचा, कराडजवळच्या गावचा. सहा वर्षांपूर्वी बांधकामावर परांचीवरून पडलो, टी १० लेव्हल, कमरेखाली काही नाही, बाकी सगळं माझं मी करतो. गावातल्या शिबिरात उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ६६ किलो भरलं. बीएमआय २२.८ निघाला, डॉक्टर म्हणाले एकदम नॉर्मल. बायको म्हणते पोट सुटलंय, पॅंटचं बटण लागत नाही. खरं कुणाचं मानू?

वहिनींचं.

डॉक्टर खोटं बोलले असं नाही, त्यांच्याकडच्या तक्त्यात २३ च्या आत म्हणजे नॉर्मलच. पण तो तक्ता चालत्याफिरत्या माणसांचा आहे. बीएमआय म्हणजे काय, तर किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, बस्स. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधल्या केटले नावाच्या गणितज्ञाने हे सूत्र मांडलं, तो डॉक्टर नव्हता, त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. पुढे १९७२ मधे अन्सेल कीज या अमेरिकन संशोधकाने त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं आणि मग ते जगभर दवाखान्याच्या भिंतीवर लागलं. या सूत्राला चरबी कळत नाही, स्नायू कळत नाहीत, हाडं कळत नाहीत, फक्त एकूण किलो कळतात.

आता तुमच्या शरीरात काय झालंय बघा. अंगातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि पार्श्वभागाचे. मज्जारज्जूला मार बसला की त्यांना वरून हुकूम येणं बंद होतं आणि पहिल्या काही आठवड्यांतच ते झरझर वाळायला लागतात, हाडांमधलं कॅल्शियमही जायला लागतं. तेव्हा वजन उतरतं आणि घरचे घाबरतात, म्हणतात किती वाळला, खाऊ घाला. मग वर्षा-दोन वर्षांत वजन परत येतं आणि सगळे खूष होतात, पण परत आलेले किलो स्नायूंचे नसतात, ते चरबीचे असतात, त्यातली काही पोटात आतड्यांभोवती आणि काही तर वाळलेल्या स्नायूंच्याच धाग्यांमधे जाऊन बसते. म्हणजे पडायच्या आधी तुम्ही ६६ किलोचे होतात आणि आजही ६६ किलोचे असाल तर तुम्ही तेवढेच आहात असं नाही, चरबी बरीच वाढलीय.

२००९ मधे कॅनडातल्या संशोधकांनी मणक्याची जुनी इजा असलेल्या लोकांची चरबी मोजून बीएमआयशी ताडून बघितली आणि सांगितलं की या लोकांमधे लठ्ठपणाची रेघ २२ वर ओढा. जागतिक तक्त्यात ती रेघ ३० वर आहे, आपल्या भारतीय तक्त्यात २५ वर. किती खाली आली बघा. तुमच्या उंचीला २२ म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो. आमच्या क्षेत्रात अजून एक जुना हिशोब आहे, उंचीप्रमाणे जे आदर्श वजन येतं त्यातून पॅराप्लेजियाला (हात चांगले, पाय निकामी) ५ ते १० टक्के आणि क्वाड्रिप्लेजियाला (मानेत इजा, हात-पाय दोन्हींवर परिणाम) १० ते १५ टक्के वजा करायचे. १७० सेंटिमीटरच्या पुरुषाला ६७ च्या आसपास येतं, म्हणजे तुमच्यासाठी ६० ते ६४. दोन्ही वाटांनी गेलं तरी एकाच ठिकाणी पोचतो. शिवाय २२ चा आकडा कॅनडातल्या बांध्याचा, आपल्या लोकांना पोटाची चरबी कमी वजनातच धरते, त्यामुळे माझ्या मते आपल्याकडे तो जरा सैलच आहे.

वजन आलं कुठून हे पण सांगते, कारण तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की मी काही जास्त खात नाही. मान्य आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या हिशोबाने बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात. पॅराप्लेजियाला ढोबळमानाने किलोमागे २८ धरतात, म्हणजे तुम्हाला साधारण १८५०. क्वाड्रिप्लेजियाला तर किलोमागे २३ च्या आतच. दिवसाला दोन भाकऱ्यांचा फरक पडला ना? भाऊ आणि तुम्ही एकाच ताटातलं जेवलात तरी त्याला पुरतं आणि तुमच्या अंगाला लागतं. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणि फरसाण घेऊन येतो, आणि दिवसभर घरी असल्यामुळे प्रत्येक पाहुण्याबरोबर चहा होतोच. चार कप, कपाला दोन चमचे साखर, नुसत्या साखरेच्याच १६० कॅलरी झाल्या.

पण अडीच किलोसाठी उपाशी राहू नका. आधी रक्त तपासा, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, आणि बीपी. अमेरिकेत २०१८ मधे मणक्याच्या इजेसाठी हृदय आणि साखरेच्या धोक्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात हेच आहे, वजन एकटं बघू नका, या सगळ्यासोबत बघा. लिपिडमधे एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, व्हीलचेअरवरच्या माणसांमधे बहुतेक वेळा कमीच निघतं, तिकडे नीट लक्ष द्या. आणि जाता जाता एक, किडनीसाठी क्रिएटिनीन करता ना, ते स्नायूंमधून येतं, स्नायूच कमी म्हणून क्रिएटिनीन कमी दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली वाटते. लघवीचा त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी, म्हणजे स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी, करायची का ते विचारा.

माझा मुलगा २७ वर्षांचा, आम्ही गुहागर तालुक्यातले. आंबे काढताना झाडावरून पडला, सी ६. चार वर्षांत त्याचं वजन एकदाही झालेलं नाही, जिथे जातो तिथे उभं राहायचा काटा. डॉक्टर अंदाजे ६० लिहितात. त्याला उचलताना त्याच्या बाबांची आता कंबर जाते, मला वाटतं वजन वाढलंय. घरच्या घरी करता येईल का?

काकू, तुमचं पत्र वाचून राग आला, तुमचा नाही, त्या 'अंदाजे ६०' चा. औषधाचा डोस, गादी, कुशन, सगळं ज्या आकड्यावर ठरतं तो आकडा चार वर्षं अंदाजे!

बाबांनी मुलाला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं हा उपाय कुणी सुचवला असेल तर अजिबात करू नका, लहान मुलाला ठीक आहे, मोठ्या माणसाला नाही, दोघंही पडाल. मोठ्या रिहॅब सेंटरला व्हीलचेअरचा काटा किंवा पाळण्यासारखा हॉइस्ट असतो, त्यातच वजन दिसतं, मुंबईला हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत कधी दाखवायला जाणार असाल तर आधीच विचारून ठेवा. जवळपास डायलिसिस सेंटर असेल तर तिथे पण चौकशी करा, त्यांना प्रत्येक पेशंटचं वजन आधी आणि नंतर करावंच लागतं म्हणून काही ठिकाणी खुर्चीसकट वजन करायचा काटा असतो, आणि विनंती केली तर सहसा नाही म्हणत नाहीत.

पण तुमच्याकडे याहून सोपी सोय आहे. कॅनिंगला जाणारा आंबा ज्या जमिनीलगतच्या मोठ्या काट्यावर मोजतात, किंवा काजूच्या कारखान्यात, किंवा भंगारवाल्याकडे, तो प्लॅटफॉर्म काटा चालतो. खुर्चीची चारही चाकं आत बसली पाहिजेत, म्हणजे निदान पाऊण मीटर बाय पाऊण मीटर हवा. काटा त्याहून लहान असेल तर वर जाड प्लायवूड टाका आणि प्लायवूड ठेवल्यावर आकडा शून्य करायला सांगा, फक्त प्लायवूड चारही बाजूंनी कुठे जमिनीला टेकत नाही ना ते बघा. चढवायला फळीचा उतार लावा, मागून एकाने धरा, वर गेल्यावर ब्रेक लावा, मग धरणाऱ्याने हात काढायचा. हे महत्त्वाचं आहे, हँडलवर हात नुसता ठेवला तरी आकडा हलतो. पाय फूटरेस्टवर, काट्याच्या बाहेर लोंबकळत नाहीत ना ते बघायचं. युरीन बॅग आधी रिकामी करा, भरलेली बॅग म्हणजे एक-दीड किलो सहज. खुर्चीमागे अडकवलेली पिशवी काढा, त्यात पाण्याची बाटली, चार्जर, औषधं काय काय असतं.

समजा आकडा आला ८४.६. मग मुलाला दुसऱ्या खुर्चीत किंवा कॉटवर घ्या आणि तीच खुर्ची, तेच कुशन, तोच बेल्ट असं रिकामं वजन करा, समजा आलं २१.४. मुलगा ६३.२ किलोचा. खुर्चीचा तो आकडा मार्करने सीटच्या खालच्या बाजूला लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी दुसरी खेप लागणार नाही, कुशन बदललं तरच परत करा. महिन्यातून एकदा, शक्यतो पोट साफ झाल्यानंतर सकाळी. एका आकड्याला फार अर्थ नाही, सहा महिन्यांचे आकडे ओळीने वहीत आले की मग कळतं गाडी कुठे चाललीय. वजन वाढलंय हे कळायला तुम्हाला बाबांच्या कमरेची वाट बघायला लागू नये एवढंच.

एक सावधगिरी. सी ६ आहे, म्हणजे टी ६ च्या वरची लेव्हल, त्यामुळे या सगळ्या खटाटोपात अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेच्या वर घाम फुटला तर वजन राहू दे, त्याला ताठ बसवा, कपडे-बेल्ट सैल करा आणि कॅथेटरची नळी कुठे मुडपलीय का बघा. उतरलं नाही तर लगेच दवाखाना, अशा वेळी बीपी धोकादायक चढतं.

उंचीचं राहिलंच. पडायच्या आधीची उंची कुठे लिहिलेली असेल, भरतीच्या फॉर्मवर वगैरे, तर ती उत्तम. नाहीतर सपाट कॉटवर झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत टेप, गुडघे आखडले असतील तर तुकड्या-तुकड्यात मोजून बेरीज करा, डोकं ते कंबर, कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच. हात पसरून बोटापासून बोटापर्यंत मोजायची पण पद्धत आहे, चालत्या माणसात ती उंचीच्या जवळपास येते, पण सी ६ मधे कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर नको.

मी ४१ वर्षांची, नाशिक, टी ४, अपघात होऊन अकरा वर्षं झाली. कमरेचं माप बसून घेतलं तर ९८ सेंटिमीटर येतं आणि झोपून ८८. फिजिओ म्हणतो झोपून घ्या, जाऊबाई म्हणते तू स्वतःला फसवतेयस. यातलं खरं माप कोणतं?

झोपूनचं. जाऊबाईंना सांगा यात फसवणूक काही नाही.

टी ४ ला पोटाचे स्नायू निकामी असतात. बसल्यावर पोटातला सगळा ऐवज पुढे आणि खाली येतो आणि त्याला धरून ठेवणारी भिंतच सैल पडलेली असते, त्यामुळे अगदी किडकिडीत माणसाचंही पोट बसल्यावर मडक्यासारखं पुढे दिसतं. ते सगळं चरबीचं नसतं. हे मुद्दाम लिहितेय कारण कितीतरी मुली फक्त त्या पोटामुळे फोटो काढू देत नाहीत, लग्नाकार्याला जात नाहीत, आणि वरून नातेवाईक 'बसून बसून सुटलीय' म्हणतात. सुटलीय का नाही ते झोपून मोजल्यावर ठरेल.

पद्धत अशी. पाठीवर सरळ झोपा, पोटपट्टा घालत असाल तर काढा. पट्टा श्वासाला आणि बीपीला मदत करतो, त्याने चरबी कमी होत नाही, हे पण एकदा सांगून ठेवते कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या बरोबर मधे टेप. बेंबी धरून मोजू नका, सैल पोटात बेंबी इकडेतिकडे सरकते. तुम्हाला तिथे संवेदना नसेल तर हाडं दुसऱ्याने बोटांनी चाचपून शोधायची. टेप मागून नीट सपाट गेलाय ना बघा, साधा श्वास सोडून झाला की आकडा वाचा, टेप कातडीला टेकलेला हवा पण रुतलेला नको. मूत्राशय रिकामं, आणि ज्या दिवशी पोट साफ झालंय त्या दिवशी. दोन-तीन दिवस पोट साफ झालं नसेल तर फुगलेलं पोट मोजण्यात काही अर्थ नाही.

मणक्याच्या इजेत ९४ सेंटिमीटरच्या पुढे हृदयाचा धोका वाढतो असं व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २०१४ मधे मांडलं. पण तो आकडा घेऊन तुम्ही खूष होऊ नका, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही हद्द धरतात आणि तुमचं ८८ आहे. तर जाऊबाईंची मोजायची पद्धत चुकीची असली तरी थोडं कमी करायला हवं ही गोष्ट खरीच निघाली. रक्ताच्या तपासण्या वर कराडच्या दादांना सांगितल्यात त्याच करा. आणि रात्री घोरत असाल, सकाळी उठल्यावर डोकं जड होत असेल, तर झोपेत श्वास अडकतोय का तेही तपासून घ्या, वरच्या लेव्हलच्या लोकांमधे हा त्रास भरपूर आहे आणि पोट-मान जाड झाली की वाढतो.

पुण्यात व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो, एल १, वय २५. बीएमआय २४ आहे, तुमच्या हिशोबाने मी लठ्ठ? जिममधल्या मशीनने फॅट ३१ टक्के दाखवलं, त्यावर विश्वास ठेवू का? खांदे-दंड तर सगळे बघतच राहतात.

त्या मशीनवर नको. हातापायातून बारीकसा करंट सोडून अंगात पाणी किती, त्यावरून चरबी किती असा अंदाज ते लावतं, आणि अंदाजाचं सूत्र बनवलंय चालणाऱ्या लोकांवरून. तुमच्या पायात स्नायू कमी, संध्याकाळपर्यंत पाणी उतरून सूज, वरचं अंग एकदम वेगळं, त्यामुळे आकडा कुठेही जाऊ शकतो. शिवाय तुम्ही त्यावर उभे कसे राहिलात? पाय नुसते टेकवून बसला असाल तर वजनच अर्धवट घेतलं असणार. आणि ज्यांच्या अंगात पेसमेकर किंवा बॅक्लोफेनचा (स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा) पंप आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा मशीनच्या जवळही जाऊ नये. चिमटा लावून कातडीची जाडी मोजतात तो प्रकारही मणक्याच्या इजेत चरबी कमीच दाखवतो.

बीएमआयचं म्हणाल तर खेळाडूच्या बाबतीत तो दोन्हीकडून गंडतो, दंडाचे स्नायू आकडा वर नेतात, पायाचे खाली आणतात. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर डेक्सा. हाडांची घनता बघायला जे मशीन वापरतात तेच, पण सांगताना 'होल बॉडी, बॉडी कंपोझिशन' असं स्पष्ट सांगा नाहीतर खुबा आणि कंबर करून घरी पाठवतील. पुरुषात २२ टक्क्यांच्या वर आणि बाईत ३५ च्या वर चरबी म्हणजे लठ्ठपणा असं धरतात. पाठीत रॉड-स्क्रू असतील तर आधी सांगा, धातूमुळे त्या भागाचा आकडा बिघडतो. टेबल कडक असतं, ट्रान्सफर, म्हणजे खुर्चीतून टेबलावर आणि परत जाणं, सांभाळून करा, पायाची हाडं ठिसूळ असतात, उतरल्यावर कातडी लाल झालीय का आरशात बघा. एका खर्चात हाडांचंही कळेल, ते तर तुमच्या वयात कळायलाच हवं.

खेळ सोडू नका हे सांगायला नको. आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय लुळे पडले आणि १९७२ मधे हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. त्यांचा बीएमआय कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

मिस्टरांना कंबरेच्या खाली माकडहाडावर बेडसोर झालाय, बरा होत नाहीये. वजन ७८. कुणीतरी म्हणालं वजनामुळेच होतो, म्हणून ते आता एकवेळ जेवतात आणि सोमवार-गुरुवार-शनिवार उपास करतात. मी काय करू? (सोलापूर)

आजपासून बंद करायला लावा, माझं नाव सांगा, डॉक्टरांचं सांगा, कुणाचंही सांगा.

वजन जास्त असलं तर ट्रान्सफर करताना अंग घासतं, घड्यांमधे ओल राहते, हे खरं. पण बारीक माणसाला पण बेडसोर होतो, हाडावर मांसच नसतं म्हणून होतो. आणि झालेला सोर भरून यायला प्रोटीन लागतं, उलट उघड्या जखमेतून ते रोज वाहून जातं. या काळात किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन सांगतात, वजन जास्त असेल तर कोणतं वजन धरून हिशोब करायचा आणि किडनीला झेपेल का हे तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना ठरवू द्या. उपासाला साबुदाणा खिचडी चालत असेलच, एका प्लेटमधे चारशेच्या पुढे कॅलरी आणि प्रोटीन अगदी थोडं, म्हणजे वजनही उतरत नाही आणि जखमही भरत नाही. अंडी खात असाल तर अंडी, नसाल तर दूध, दही, पनीर, मटकी, डाळ जरा घट्ट, शेंगदाण्याची चटणी बेताने. साखर आणि तळण कमी करा, ते करायला कुणाची ना नाही. हिमोग्लोबिन आणि साखर तपासा, साखर वाढलेली असली तर जखम अडून बसते. जखमेवरचा दाब काढणं, कूस बदलणं हे सगळं चालूच असेल असं धरते. वजन कमी करायचं ते सोर पूर्ण बुजल्यावर, महिन्याला एखाद किलो, घाई नाही.

दहा दिवसांत वजन तीन किलो वाढलं, जेवण तेवढंच आहे. डावा पाय उजव्यापेक्षा जाड वाटतो. थायरॉइड करू का?

थायरॉइड नंतर, आज दवाखान्यात जा. पत्र छापून येईपर्यंत थांबणार नाही म्हणून यांना फोन करून सांगितलंय, पण बाकीच्यांसाठी छापतेय. दहा दिवसांत तीन किलो चरबी चढत नाही, ते पाणी असतं. दोन्ही पायांना संध्याकाळी सूज आणि सकाळी उतरली असं असेल तर वेगळं, एकच पाय जाड, गरम, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि तुम्हाला तिथे दुखत नाही म्हणून कळत नाही. ती गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. पोटरीचा घेर दोन्ही बाजूला सारख्याच उंचीवर टेपने मोजायची सवय ठेवा, आणि जाड झालेला पाय चोळू नका, तेल लावून मालिश तर अजिबात नको.

ती वजन कमी करायची इंजेक्शनं आलीत ती आम्ही घेतली तर चालतील का?

हे चार जणांनी विचारलंय, एकत्र उत्तर देते. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधं २०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी मिळायला लागली. कुणाला नाहीच असं म्हणणार नाही, साखर असलेल्या काहींना डॉक्टर देतात. पण ही औषधं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात आणि बद्धकोष्ठ हा त्यांचा नेहमीचा त्रास आहे. तुमचं आतडं आधीच संथ, बॉवेल प्रोग्रॅम, म्हणजे ठरल्या वेळी पोट साफ करायचा क्रम, महिनोन् महिने खपून बसवलेला, तो बिघडला तर सगळं घर बिघडतं. दुसरं, उतरणाऱ्या वजनात स्नायूपण जातात, आणि ट्रान्सफर ज्या खांद्या-दंडांवर चालतं तेच स्नायू तुमची पुंजी आहे. त्यामुळे घ्यायचीच झाली तर तुमची लेव्हल, बॉवेल, लघवी सगळं माहीत असलेल्या डॉक्टरच्या हाताखाली, कमी डोसपासून, आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

नवीन खुर्ची घ्यायचीय. आत्ताची १६ इंची घट्ट होतेय, दुकानदार म्हणतो १८ घ्या, पुढे वजन वाढलं तरी चालेल. घेऊ?

वाढीव मापाचे कपडे शाळेच्या पोरांना घेतात, खुर्ची नाही. सीट रुंद झाली की अंग एका बाजूला कलतं, पाठ वाकडी होते, चाकापर्यंत हात लांब जातो आणि खांदे दुखतात, शिवाय घराचं बाथरूमचं दार आधीच किती रुंद आहे ते माहितीये. घट्ट खुर्ची पण नको, खुब्याच्या हाडाला बाजूची पट्टी घासून तिथे सोर होतो. कुशनवर बसवून, थंडीत जे कपडे घालता ते घालून, दोन्ही खुब्यांमधलं सगळ्यात रुंद माप घ्या आणि बाजूला तळहात सरळ उभा सरकेल एवढी जागा सोडा. दुकानदाराने माप न घेता आकडा सांगितला असेल तर आधी १७ इंची मागवून बसून बघा.